बेडसे, भाजे, कार्ले एका दिवसात : कोणतं लेणं किती वाजता?

सोनकी
डिसेंबरमध्ये एका दिवसात मावळातली तिन्ही चैत्यगृहं (म्हणजे आत स्तूप असलेली कोरीव प्रार्थनागृहं) बघायचा विचार आहे. आम्ही पाचजण, पुण्याहून स्वतःच्या गाडीने निघणार. आई ६८ वर्षांची आहे, चालते व्यवस्थित, पण उतरताना गुडघे बोलतात. तिला लेण्यात बसून वंदना म्हणायची आहे. भावाला शिलालेख बघायचेत. क्रम कसा ठेवावा? कुठे किती वेळ लागतो? आणि आईसाठी तिन्हीपैकी एक वगळायचं झालं तर कोणतं? गुगलवर नुसते धबधब्याचे फोटो येतात, म्हणून इथे विचारतेय. जाणकारांनी कृपया सांगावं.

घाटवाट
क्रम उन्हाने ठरवा, अंतराने नको. बेडशाचं चैत्यगृह पूर्वेकडे तोंड करून आहे; भाजे आणि कार्ले दोन्ही पश्चिमेकडे. म्हणजे बेडसे सकाळी, भाजे मधल्या वेळेत, कार्ले दुपार कलल्यावर. बहुतेक जण याच्या नेमके उलट करतात. सकाळी उठून आधी प्रसिद्ध म्हणून कार्ले गाठतात, तेव्हा आत काळोख असतो, आणि संध्याकाळी दमून बेडशाला पोचतात तेव्हा तिथे काळोख असतो.

वेळा अशा धरा. पुण्यातून साडेसहाला निघा. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला वळायचं, करुंजच्या बाजूने बेडसे गाव. आठच्या आत पायऱ्या चढायला सुरुवात. दहापर्यंत खाली. तिथून पुन्हा कामशेतला येऊन जुन्या हायवेने मळवलीकडे. भाजे साधारण पावणेअकरा ते साडेबारा. जेवण कार्ला फाट्याच्या आसपास उरका. पावणेतीनला कार्ल्याची चढण, पाचच्या आत बघून पूर्ण. त्यानंतर बाहेर काढायला सुरुवात करतात, तेव्हा 'शेवटी स्तूपापाशी बसू' हा बेत साडेचारलाच करायचा.

आजोळ_मावळ
बेडशाला पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत, बांधीव आहेत, पण सलग आहेत आणि सावली जवळपास नाही. सकाळी लवकर जायचं दुसरं कारण हे. वर दुकान नाही, पाणी नाही. टाक्यांमधलं पाणी प्यायचं नाही. माणशी दीड-दोन लिटर खालूनच घ्या.

कार्ल्याला पायथ्याच्या वेहेरगावातून चढलात तर साडेतीनशेच्या घरात पायऱ्या. गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, तिथून त्या बऱ्याच कमी होतात. मात्र एकवीरा आईच्या गर्दीच्या दिवशी वरचा तळ भरतो आणि गाड्या खालीच अडवतात. रविवार, मंगळवार, शुक्रवार टाळा. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत लेणी बघायला जाण्यात अर्थच नाही, ते दिवस आगरी-कोळी भाविकांचे, पालख्यांचे. तुम्ही डिसेंबरचा बुधवार किंवा गुरुवार धरा.

भाजे तिघांत सगळ्यात सोपं. गावातून फरसबंदी पायऱ्या, रमतगमत वीस मिनिटं. आईंसाठी वगळायचंच तर बेडसे वगळा.

कातळ
बेडसे वगळा?? आजोळ, हे काही पटलं नाही. तिघांत शांत लेणं तेवढंच एक. आईंना सकाळच्या गारव्यात हळूहळू चढू द्या, दर पन्नास पायऱ्यांना थांबा, अर्ध्या-पाऊण तासात वर पोचतील. वगळायचं असेल तर गर्दीमुळे कार्ले वगळा.

घाटवाट यांच्या क्रमावर एक आक्षेप. समजून घ्यायचं असेल तर भाजे आधी बघायला हवं. भाजे सर्वांत जुनं, इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातलं, मग बेडसे, मग कार्ले. भाज्याच्या चैत्यगृहात २७ अष्टकोनी खांब आहेत, साधे, ना तळखडा (खालची बैठक) ना शीर्ष (वरचा कोरीव भाग), आणि सगळे आतल्या बाजूला कललेले. हे चुकून झालेलं नाही. लाकडी इमारतीत कमानीदार छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आत झुकवून उभे करत. दगडात कोरताना त्याची काहीच गरज नाही, कारण इथे छत आणि खांब एकाच खडकाचे आहेत. तरी कोरणाऱ्यांनी सुताराची सवय तशीच दगडात उतरवली. बेडशाला हा कल कमी झालेला दिसतो, कार्ल्याला खांब सरळ उभे. हा बदल क्रमाने बघितला की पाठ करावा लागत नाही.

आणि आत जाताना छताकडे बघायला विसरू नका. भाज्याला आणि कार्ल्याला गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारख्या कमानदार छताखाली लाकडाच्या फासळ्या आहेत. कार्ल्याच्या सागवानी फासळ्या मुळातल्या आहेत, दोन हजार वर्षांच्या. बेडशाच्या गेल्या. तिथे फक्त त्या जिथे बसवल्या होत्या त्या जागा दिसतात.

घाटवाट
कातळ, मान्य. पण अंधारात खांबाचा कल दिसतो का सांगा. ज्याला कालक्रम हवा त्याने दोन दिवस काढावेत.

कातळ
दोन दिवस काढावेत हेच माझं म्हणणं आहे :) पण एकच दिवस असेल तर तुमचा क्रम चालेल.

शिळाक्षर
भावासाठी. सगळे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहेत. आधी लिपीची अक्षरं थोडी ओळखीची करून जा, निदान 'दानं' हा शब्द. तो आला की निम्मा लेख कळल्यासारखा असतो, कारण बहुतेक लेख कुणी काय दिलं एवढंच सांगतात.

कार्ल्याला आत शिरण्याआधी डाव्या हाताला सिंहस्तंभ आहे, वर चार सिंह. त्यावरचा लेख महारठी (हे तेव्हाचं सरदारी पद) गोतिपुत अगिमित्रणक याचा, सिंहस्तंभ त्याचं दान. उजवीकडे जोडीचा स्तंभ असणार, तिथे आता एकवीरेचं मंदिर आहे. ओसरीच्या डाव्या टोकाला वैजयंतीच्या (म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या) भूतपाल श्रेष्ठीचा लेख : हे शैलगृह पूर्ण केलं, जंबुद्वीपात उत्तम. जाहिरात म्हणावी तर अजून खरी ठरते आहे. भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह हेच, सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद.

आत खांबांवर देणगीदारांची नावं आहेत. धेनुकाकट या गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणवले जाणारे परदेशी, त्यात बरेच. सिंहध्वज नावाच्या यवनाचा खांब आहे. सोपाऱ्याच्या सातिमिताने दिलेल्या खांबाच्या लेखात तो 'सशरीर' म्हणजे धातूसह (अस्थि-अवशेषांसह) दिल्याचं म्हटलं आहे. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. दरवाजाशी धेनुकाकटच्याच सामी नावाच्या वढकीचा, म्हणजे सुताराचा उल्लेख आहे. राजांचे लेखही आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलुरकाच्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख आहे, आणि नंतर सातवाहनांनी मामाळच्या अमात्याला पाठवलेली आज्ञा. वलुरक हे कार्ल्याचं तेव्हाचं नाव, मामाळ म्हणजे मावळ.

वाचण्याची युक्ती : टॉर्च समोरून मारला तर अक्षर सपाट होतं, काहीच दिसत नाही. भिंतीला जवळजवळ चिकटवून, बाजूने तिरका प्रकाश टाका, खाचेत सावली पडली की अक्षर उठून येतं. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने वाचायचं. खडूने अक्षरं भरणं, पाणी किंवा तेल लावणं, कागद ठेवून ठसा घेणं यातलं काहीही करू नका. ठशाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. खडूची भुकटी खाचेत ओल धरून ठेवते.

सोनकी
बाप रे, भाऊ खूश झाला. बेडसे आणि भाज्याच्या लेखांबद्दलही सांगाल का?

शिळाक्षर
बेडशाला चैत्यगृहाच्या दाराशी नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक (पुष्यणक) याचा लेख आहे. टाक्यावरचा लेख बघाच : महाभोजाची मुलगी आणि अपदेवणकाची पत्नी महारठिनी सामडिनिका. भाज्याला एका टाक्यावर महारठी कोसिकिपुत विण्हुदत याचं 'पोढी' दान. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं.

भाज्याला चैत्यगृहाच्या दक्षिणेला १४ लहान स्तूपांचा गट आहे, पाच खडकाच्या आत, नऊ बाहेर. हे थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे स्मारकस्तूप. काहींवर नावं आहेत, अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. लोक त्यांवर पाय ठेवून फोटो काढतात. कृपया नको.

अडीच_स्टॉप
फोटोसाठी : ट्रायपॉड आणि ड्रोनला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, तिथल्या चौकीदाराच्या हो म्हणण्याला अर्थ नाही. हातात धरूनच काढायचे आहेत, तेव्हा आयएसओ ३२०० पर्यंत चढवायची तयारी ठेवा. फ्लॅश लावलात तर पुढचे दोन खांब पांढरे आणि मागे काळी भिंत, एवढंच मिळतं.

बेडशाचा दर्शनी भाग पूर्ण पकडता येत नाही ही सगळ्यांची तक्रार. कारण तिथे समोरचा डोंगर पूर्ण काढलेला नाही. अरुंद बोळ ठेवून मागे लेणं कोरलं आहे, त्यामुळे मागे सरकायला जागाच नाही. १४ ते १६ मिमीची रुंद लेन्स लागते. फोन असेल तर अल्ट्रावाइड. तरी ते साधारण २५ फुटी खांब वरून आत झुकल्यासारखे येणारच. बोळामुळे आणखी एक होतं : सूर्य उगवल्या उगवल्या ऊन आत येत नाही, थोडा वर यावा लागतो. म्हणून सातला पोचण्याची धडपड नको.

कार्ल्याला साडेतीननंतर कमानीतून येणारं ऊन खांबांच्या रांगेवर तिरकं पडतं. तेव्हा शीर्षांवरचे गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवरची जोडपी खुलतात. मधल्या बाजूला हत्ती असतात, बाजूच्या पाखांकडे (खांबांमागच्या अरुंद वाटांकडे) घोडे. पाखांत जाऊन मागच्या बाजूने बघितलं नाही तर घोडे दिसतच नाहीत.

कातळ
अडीच, चांगली आठवण केलीत. कार्ल्याला दोन्ही बाजूंना १५-१५ खांब, घटाच्या तळखड्याचे आणि शीर्षांचे. स्तूपामागे मात्र सात खांब अगदी साधे, भाज्यासारखे. जिथे नजर कमी जाते तिथे श्रम वाचवले. स्तूपावरची लाकडी छत्रीही मुळातली आहे, तिच्या खालच्या बाजूला कोरीव काम आहे, मान वर करून बघा. बेडशाला स्तूपावर छत्रीचा फक्त दांडा उरलाय.

ओसरीत एक गोष्ट खास बघण्यासारखी. मिथुनशिल्पं (जोडप्यांची शिल्पं) मूळची, पण त्यांच्या आजूबाजूच्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतरच्या, महायान काळातल्या. वेदिकेच्या (कठड्याच्या) नक्षीची पट्टी मध्येच तुटलेली दिसली की समजायचं, ती छिलून तिथे नंतर मूर्ती कोरली. मूळ लेण्यात बुद्धाची मूर्ती नाही, पूजा स्तूपाची.

बेडशाच्या खांबांवर एकेकाळी रंग होते. १९व्या शतकात कुणा साहेबाच्या भेटीसाठी आतून चुना फासला गेला आणि रंग गेले असं जुन्या नोंदींत आहे. स्वच्छतेच्या हौसेने केलेलं नुकसान तोडफोडीइतकंच असतं ते असं.

उपासिका
सोनकीताई, आईंच्या वंदनेबद्दल. चैत्यगृहात त्रिसरण-पंचशील म्हणायला अडचण येत नाही, गट छोटा असेल आणि आवाज बेताचा असेल तर. माईक, टाळ्या, घोषणा नको. तिथला नाद असा आहे की हळू म्हटलेलंही टोकापर्यंत जातं, उलट जोरात म्हटलं की शब्द एकमेकांत मिसळतात. पाच माणसांनी एका लयीत, नेहमीपेक्षा सावकाश म्हणायचं.

चपला बाहेर काढा, कुणी सांगितलं नाही तरी. प्रदक्षिणा स्तूप उजव्या हाताला ठेवून, म्हणजे डाव्या पाखातून आत आणि उजव्या पाखातून बाहेर. पाखांत उजेड कमी आणि तळ खडबडीत आहे, आईंचा हात धरा. मेणबत्ती, अगरबत्ती लावायची नाही. काजळी छताच्या लाकडावर जाऊन बसते आणि लाकडाखाली ज्योत ही गोष्टच धोक्याची. फुलं वाहिलीत तर निघताना उचलून परत आणा. स्तूपावर नाणी, हार, गुलाल काहीही ठेवू नका. बसायला पातळ सतरंजी न्या, डिसेंबरात दगड सकाळी फार गार असतो.

जागा म्हणाल तर वंदनेसाठी बेडसे. कार्ल्याला दर्शनाच्या रांगेचा आणि घंटेचा आवाज सतत आत येतो. भाज्याला सुट्टीच्या दिवशी सहली असतात.

आणि परतताना वेळ उरला तर देहूरोडचं बुद्धविहार वाटेवरच आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. वर्धापनदिनाला मोठी गर्दी असते, तेव्हा तारीख बघून ठरवा.

सोनकी
खूप आभार उपासिकाताई. आई म्हणतेय की मग बेडसेच नक्की करा, पायऱ्यांचं मी बघते.

आजोळ_मावळ
मग मी माझा सल्ला मागे घेतो :) पण दोन गोष्टी ऐका. आईंना काठी द्या, आणि ती उतरण्यासाठी. चढताना दम लागतो, उतरताना गुडघ्यावर भार येतो. डोंगराच्या बाजूने उतरा, मोकळ्या बाजूने नको. भाजे-कार्ल्यासाठी त्यांचे पाय उरायला हवेत, म्हणून बेडशाहून उतरल्यावर गाडीत निदान अर्धा तास पाय लांब करून बसू द्या.

कार्ल्याला माकडं आहेत. हातातली पिशवी, प्रसादाचं ताट, उघडी पाण्याची बाटली, सगळं ओढतात. खाणं सॅकच्या आत, चेन लावून.

मोहोळं. लेण्यांच्या कपाळावर, उंच कमानींत आग्या मोहोळ असू शकतं. वर काळा लोंबता पट्टा दिसला तर त्याखाली थांबू नका, धूर नको, भडक अत्तर नको, दगड मारणारी पोरं असतील तर त्यांच्यापासून लांब व्हा. उठलंच तर खाली बसायचं नाही, हात झटकायचे नाहीत, तोंड ओढणीने झाकून सरळ लांब निघायचं.

तिसरी_घंटा
आम्ही डोंबिवलीकर, गाडी नाही. रेल्वेने जमेल का?

घाटवाट
जमेल, पण तिन्ही नाही. दोन धरा. मुंबईकडच्या एक्सप्रेस गाड्या मळवली आणि कामशेतला थांबत नाहीत. लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल पकडायची. मळवली पुढचंच स्टेशन. तिथून दक्षिणेला भाजे, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून अर्ध्या-पाऊण तासात पायी. उत्तरेला इंद्रायणी ओलांडून कार्ला, पायी लांब पडतं, रिक्षा करा. रिक्षावाल्याशी 'वरच्या वाहनतळापर्यंत' असं आधीच ठरवा, नाहीतर फाट्यावर किंवा पायथ्याला सोडून पूर्ण पैसे मागतात.

खरी गोची परतीची. दुपारी लोणावळा-पुणे लोकलमध्ये मोठी फट असते. भाजे बघून साडेबाराला स्टेशनवर आलात तर बसून राहावं लागू शकतं. त्यामुळे मळवलीला सकाळीच उतरायचं, भाजे करायचं, रिक्षाने कार्ले, आणि संध्याकाळी कार्ला फाट्यावरून जुन्या हायवेने थेट लोणावळा. मळवलीला परत यायचंच नाही.

बेडशासाठी कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या टमटम मिळतात, पण त्या फाट्यावर सोडतात आणि परतीची खात्री नाही. येण्या-जाण्याची रिक्षा ठरवा, दोन तास थांबण्यासकट.

तिसरी_घंटा
धन्यवाद! तिकीट?

घाटवाट
कार्ले आणि भाजे दोन्हीकडे भारतीयांना २५ रुपये, १५ वर्षांखालच्यांना मोफत. बेडशाला तिकीट नाही. कोड स्कॅन करून ऑनलाइन काढता येतं, पण डोंगराखाली नेटवर्क कधी असतं कधी नाही, सुटे पैसे ठेवा.

गवतपाती
पावसाळ्यात जावं का यावर कुणी बोललंच नाही. फोटो तर सगळे तेव्हाचेच असतात.

कातळ
लेणी बघायला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ओसरीत पाणी ठिबकतं, शेवाळ धरतं, आणि ढगांमुळे आत उजेड नसतो. भाज्याच्या वाटेवरचा धबधबा शनिवार-रविवारी अक्षरशः जत्रा असते. लोक लेण्याच्या आवारातून निसरड्या कड्यावर चढतात, तिथेच अपघात होतात. प्रशासन काही ठिकाणी बंदीचे आदेशही काढतं. हिरवाई हवी तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत सगळ्यात चांगलं.

गवतपाती
भाज्याला जगातला पहिला तबला कोरलाय म्हणतात, तो कुठे?

कातळ
१९ क्रमांकाच्या विहारात (भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यात), चैत्यगृहापासून दक्षिणेला थोडं पुढे. वाद्य आहे, पण तबला म्हणणं घाईचं आहे. उभ्या ढोलांची जोडी आहे, पुष्कर नावाच्या प्राचीन चर्मवाद्याच्या जातीचं वाद्य. त्याच विहाराच्या ओसरीत दाराच्या एका बाजूला चार घोड्यांच्या रथातली आकृती, दुसऱ्या बाजूला हत्तीवर बसलेली. सूर्य आणि इंद्र असं सहसा सांगतात, पण अभ्यासकांत यावर एकमत नाही. तुम्ही आधी नाव न घेता बघा : रथाखाली काय चिरडलं जातंय, हत्तीच्या सोंडेत काय आहे. बहुतेक लोक चैत्यगृह बघून परत फिरतात आणि हे राहून जातं. तिथे जाळीचं दार कधी बंद असतं, तिकीट काढतानाच चौकीदाराला विचारून घ्या.

सोनकी
शेवटचा प्रश्न. बेडशाला चैत्यगृहाशेजारी अजून एक गोल छताचं लेणं दिसतं फोटोत, ते काय?

कातळ
तो विहार. भिक्खूंच्या राहण्याचा, पण आकार चैत्यगृहासारखा, मागे अर्धगोल, वर कमानदार छत, आणि भिंतीत कडेने कोठड्या. साधारणपणे विहार चौकोनी आणि सपाट छताचा असतो, त्यामुळे हा अगदी वेगळा. आत स्तूप नाही. गावकऱ्यांनी यमाईची पूजा तिथे केलेली आहे, शेंदूर दिसेल, त्याला हात लावू नका. भावाला म्हणावं आतल्या एका कोठडीच्या कट्ट्यावर पाच मिनिटं बसून बघ. लांबी पुरते, पण उंच माणसाला पाय थोडे दुमडावे लागतील.

आजोळ_मावळ
आणि गाडी बेडसे गावात लावताना शेताच्या बांधाला लावू नका, तिथून बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातात. पायऱ्यांच्या सुरुवातीला मोकळी जागा आहे, तोंड परतीच्या दिशेला करून लावा.